नऊ नंबरचा खोकला

संगमनेर,
दि. १८ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप झुंबरअक्का,
धाकट्या राधाकृष्णाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. अक्षर तुझ्या आसारामचं, नेहमीसारखं सुबक. एरवी मी पत्र वाचतावाचताच उत्तराला बसतो, यावेळी तीन दिवस गेले.

तू विचारलंस, आसारामसारख्या धडधाकट पोराला मुळात तपासलंच कशाला. तेच आधी सांगतो, कारण मलाही त्याचं फार नवल वाटलं होतं. गिरणीच्या दवाखान्यात मी कारकून आणि तपासणारे डॉक्टर गुगळे, हे तुला ठाऊक आहे. मार्गशीर्षात त्यांनी नवीनच टूम काढली. गिरणीत कामाला असलेल्या तिशीच्या आतल्या सगळ्या पोरांना, कुणी आजारी नसताना, ओळीनं तपासायचं. वजन, रक्तदाब, छाती, लघवी, सगळं. झाडलोट करणारी दगडाबाई म्हणाली, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग डाक्तर हुडकतोय काय?" डॉक्टर म्हणाले, रोग यायच्या आधी त्याची चाहूल लागते का ते बघायचं. मी दोन दिवस टेबलाशी उभाच. शेवटी त्यांची नळी कानाला लावून स्वतःचं काळीजही ऐकलं. आत कुणी तरी कांडण घातलंय असं वाटलं. इतकी वर्षं हे चालू आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याचीच मला गंमत वाटत राहिली.

एक्केचाळीस पोरं तपासली. सगळ्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं, "काही नाही."

आता या चिठ्ठ्या गिरणीच्या मुंबईच्या कचेरीत जातात, तेव्हा डॉक्टरांना फी मिळते. कचेरीनं छापील यादी दिलेली आहे. त्यात चौसष्ट रोग, प्रत्येकाला नंबर. चिठ्ठीवर तो नंबर घालायचं काम माझं. गंडमाळेला नंबर आहे, नारूला आहे, विंचू चावल्याला आहे. "काही नाही" याला नंबर नाही. मी यादी मागूनपुढून तीनदा पाहिली. नंबर न घालता चिठ्ठ्या पाठवल्या, तर सगळ्या परत आल्या. रोग लिहा, नाहीतर बिल नामंजूर.

दि. १९, शनिवार

काल इथं थांबलो. शाई संपली असं घरात सांगितलं. शाई होती.

अक्का, रोग मी वाटले. डॉक्टरांना न विचारता. त्यांची फी बुडेल आणि ही तपासणीच बंद पडेल, असं वाटलं मला. सगळ्यांना एकच रोग दिला तर कचेरीला संशय येईल, म्हणून पंगतीत वाढावं तसा एकेकाला एकेक वाढला. खादाड श्रीमंतला पोटाचा, बडबड्या सूर्यभानला घशाचा. लिहिताना मला हसू येत होतं, हेही सांगून टाकतो. आसारामपाशी हात अडला. आपलं पोर. मग आठवलं, हा कबड्डीत एका दमात चार गडी मारून येतो. याला छातीचा विकार आहे म्हटलं तर कोण खरं मानणार? छातीचा नऊ नंबर घातला.

मुंबईनं खरं मानलं. तिथं कुणी त्याची कबड्डी पाहिली नव्हती. कापसाच्या धुळीत ठेवू नये असा कागद आला आणि संक्रांतीला तो तुझ्याकडे कर्जतला घरी आला. मीच त्याला एसटीत बसवून दिलं, खिडकीतून संत्री दिली. खरं तेवढं सांगितलं नाही. एक्केचाळीस चिठ्ठ्यांवर माझं अक्षर होतं आणि मला माझ्या नोकरीची भीती होती. चार महिने घरी राहील, मग दुसरीकडे चिकटवू, अशी मनाची समजूत घातली.

आता तू लिहितेस की त्याची खाट गोठ्यात टाकली, ताट-तांब्या वेगळा केला, सोयरिकीचं बोलणं थांबवलं, आणि तो खरंच खोकायला लागलाय. हे सगळं त्याच्याचकडून लिहून घेतलंस. "माझं ताट आईनं वेगळं केलं," ही ओळ त्यानं किती वळणदार काढली आहे. मला लाज वाटते, अक्का. माझ्या टाकातून निघालेला आकडा कर्जतला जाऊन खोकला कसा झाला, हे आज डॉक्टरांना विचारलं. सगळं सांगूनच विचारलं. ते म्हणाले, "ते मलाही माहीत नाही. आधी घरी पत्र टाका."

मॅनेजरसाहेबांनाही लिहून दिलं, की सगळे नंबर खोटे आहेत. सोमवारपासून येऊ नका म्हणाले. आसारामच्या जागेबद्दल मुंबईला कळवतील, पण ती परत मिळेलच असं नाही. डॉक्टरांनी आपल्या वहीत पाहून स्वतःच्या हातानं एक कागद लिहून दिलाय, तो सोबत घातला आहे. आसाराम, वय बावीस, छाती स्वच्छ, काही नाही. खाली सही आहे.

मला ठाऊक आहे, तू उंबऱ्यात बसली असशील आणि तो गोठ्यातून, लांबूनच, मोठ्यानं वाचत असेल. म्हणूनच माझा हात चालत नव्हता.

आसाराम, इथून पुढचं तुला. तुला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. आता ऊठ, चुलीपाशी आईशेजारी जाऊन बस आणि हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाच. मैदानात धरायचास तसा दम धर. अक्का, तो कितीदा खोकतो ते तू बोटांवर मोज. एकदाही खोकला नाही, तर तेवढंच मला कळव. मला दुसरं काही नको.

उत्तर त्याच्याच हातानं लिहून घे. आणि लिहिताना त्याला तुझ्या ताटात जेवायला घे.

तुझ्या लेकराला आजारी पाडणारा,
तुझाच धाकटा भाऊ,
राधाकृष्ण