पिशवी रिकामी पाठवायची नाही

बिश्केक, ९ जून

ती. ताई, बुरुलचा एजे,
सप्रेम सलाम, वि. वि.

सोंकुलच्या कुरणावर तुझा फोन लागत नाही, म्हणून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे डबे न्यायला येणाऱ्या तेमिरच्या हाती हे पत्र देते आहे. गुडघे कसे आहेत? मेंढ्या घाट नीट चढल्या ना? भावोजींना माझा सलाम सांग.

एजे, तुझा शिर्दक जर्मनीत कस्टममध्ये अडकलाय. हँबर्गच्या आनेग्रेटबाईंनी आपल्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला तोच. कागद मी डोळ्यांत तेल घालून केले होते. लोकरीचा गालिचा, हातशिलाई, खरी किंमत, आणि जकात कमी लागावी म्हणून माल आपल्या देशात बनल्याचा दाखलासुद्धा जोडला होता. आता ते म्हणतात की वळकटीच्या आत दुधाचा पदार्थ सापडला. दुधाचं काही बाहेरून आणायला तिथे बंदी आहे, आणि कागदावर तर त्याचा पत्ताच नाही. वाहतूक कंपनीचा माणूस म्हणाला, बहुतेक सगळं पार्सलच नष्ट करतील.

दोन हिवाळे बसून शिवलास तू तो, आपल्या आईनं, आपानं शिकवलेल्या मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा. त्यानंतर तुझ्या डोळ्यांनी दगा दिला. हा शेवटचा, असं म्हणून तो माझ्या दुकानाला दिलास. तो जाळला तर मी तुला कुठल्या तोंडानं भेटू? खरं सांग, आत काही घातलं होतंस का? मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

तुझा लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.
तुझी झूरा

सोंकुल, १४ जून

चि. झूरास,
अनेक आशीर्वाद.

घातलं होतं. कुरुत होतं. मूठभर, यंदाच्या पहिल्या दह्याचं, चांगलं खडखडीत वाळवलेलं. लोकरीच्या नमद्याची छोटी पिशवी शिवून घेतली सूनबाईकडून आणि वळकटीच्या पोटात सरकवली. तू आधीच बजावलं होतंस की वर काही घालायचं नाही, म्हणून तुला दिसणार नाही अशी घातली. अगं, शेजारणीचं ताटसुद्धा आपण कधी रिकामं परत केलं नाही. आपानं हेच शिकवलं ना आपल्याला? मग ती बाई इतक्या लांबून माझी वस्तू मागते, तिला नुसतीच कोरडी वस्तू पाठवू?

पांढऱ्या गोळ्या बघून त्या साहेबांना वाटलं तरी काय असेल! तुझे भावोजी तर हसून हसून आडवे झाले. मीही हसले. मग तंबूमागे जाऊन रडले.

झूरा, चूक माझी आहे. त्या बाईच्या डोक्यावर तिचा भार नको. तिचे पैसे परत दे आणि माझ्या वतीनं माफी माग. साहेबांशी हुज्जत घालू नकोस, म्हातारीला कळलं नाही एवढंच सांग. शिर्दक गेला तर गेला. मला आता सुईचं नेढं दिसत नाही, तसा दुसरा व्हायचा नाही. पण तू दुकान बंद करू नकोस. तुझ्या दुकानामुळे इथल्या चार बायकांना हिवाळ्यात काम मिळतं. ते मोडलं तर माझं कुरुत माझ्या जन्मभर घशात अडकेल.

माया आहे, ती कुठल्याच नाक्यावर अडत नाही.
तुझी एजे

बिश्केक, ८ जुलै

ती. एजे,
सलाम, वि. वि.

सुटला! शिर्दक सुटला!

मी आनेग्रेटबाईंना सगळं खरंखरं लिहिलं. रिकामं ताट, आपा, तुझे डोळे, सगळं. पैसे परत घ्या, असंही लिहिलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, आगगाडीत बसून स्वतः कस्टमच्या कचेरीत गेल्या. कुरुत नष्ट करायला लेखी संमती दिली, जकात भरली, गोदामाचं भाडंही भरलं. परक्या बाईनं आपल्यासाठी एवढं करावं, एजे?

आणि ऐक. तिथल्या साहेबांची आजी तुर्कस्तानातल्या खेड्यातली. तिथेही ते करतात, म्हणून त्यांनी कुरुत बघताक्षणी ओळखलं. नियम तो नियम, सोडलं नाही. पण बाई सांगत होत्या की त्यांनी ते कचऱ्यात फेकलं नाही, दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. पिशवी झटकून बाईंना परत दिली.

आता माझी अट. यापुढे काही घालायचंच असेल तर मला दाखवून, कागदावर चढवून. नमद्याचं फूल चालेल. दही, लोणी, मांस, काही नाही!

सोबत तेमिरकडे एक पाकीट देते आहे. आनेग्रेटबाईंकडून आलंय. आपल्या कस्टमनं उघडून बघितलं आणि मुकाट्यानं सोडलं. आत काय आहे ते मी सांगणार नाही. बाईंची चिठ्ठी मात्र आपल्या भाषेत करून ठेवली आहे.

रागावले नाही, हे लक्षात ठेव आणि माया वाढव.
तुझी झूरा

सोंकुल, १९ जुलै

चि. झूरास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. माझीच पिशवी! आणि रिकामी नाही. आत सुया आहेत गं, जाड नमद्याच्या. नेढ्याला वरून बारीक खाच, दोरा नुसता दाबला की आत जातो. बघावं लागत नाही. चिठ्ठीत बाई लिहितात की त्यांचेही डोळे अधू झालेत आणि गोधड्या त्या याच सुयांनी शिवतात. कुठल्याही सीमेवर न अडणारं काय पाठवता येईल, हे त्यांनी त्याच साहेबांना विचारून घेतलं.

मी सूनबाईला हाक न मारता दोरा ओवला. पुन्हा काढला, पुन्हा ओवला. तुझे भावोजी म्हणाले, आता रात्रभर हेच करणार का? मी म्हटलं, हो, करणार. मग आम्ही सगळ्यांनी तळवे उघडून त्या बाईसाठी आणि त्या साहेबांच्या आजीसाठी दुवा मागितली.

लहानसा शिर्दक मांडलाय. टाके वाकडे आहेत, पण माझे आहेत.

तुझी अट मान्य. फक्त एक अडचण आहे. पिशवी माझ्याकडे भरून आली, म्हणजे ती परत धाडणं आलंच, आणि रिकामी तर मी धाडणार नाही. तेव्हा आत काय घालू, ते तूच एकदा त्या साहेबांना विचारून कळव.

तुझ्यावर जीव आहे, आणि आता त्या हँबर्गच्या बाईवरही.
तुझी एजे