भिंतीतले दोन हुक

मोठ्या डॉक्टरबाईंना,

मुलांच्या वॉर्डात भिंतीला हुक कोणी ठोकले, असं विचारत होतात ना? मी ठोकले.

आमच्या युकातानातली पोरं जन्मापासून झोळीत झोपतात. सात वर्षांची सुयेमी तीन रात्री पलंगावर टक्क जागी होती. तिची आई म्हणाली, "फेलिसियानोदादा, पडायची भीती वाटते हो तिला." मी घरची झोळी आणून त्या दोन हुकांना बांधली, नर्सबाईंनी सलाईन शेजारी सरकवलं. पाच मिनिटांत पोरगी घोरायला लागली!

हे पत्र हत्यारांच्या पेटीतच ठेवतोय. दिलं, तर तुम्हाला उगाच माफीनामा वाटायचा.

हुक काढायचा तुमचा हुकूम मिळाला. पण मी ठोकलेला हुक हातोड्याचे घाव घातल्याशिवाय निघत नाही, आणि सुयेमी अजून झोपली आहे.

इस्पितळाचा सुतार,
फेलिसियानो चान