ओळखीचं वजन

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू बरा असशील. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, आणि तुझी खोली बाबांनी परवा पुन्हा झाडून घेतली. तुझं उत्तर येत नाही म्हणून मी लिहायचं सोडलं होतं. आज बाबांनीच बसवलंय.

त्यांनी शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं वजन झालं एकदाचं. आधी काट्यांवरून घरात रणकंदन. बाबांनी पहिल्यांदा तीन घरगुती काटे आणले, आपण उभे राहतो तसले. चाक टेकताच एकाची काच तडकली. मग भंगारवाल्याचा मोठा काटा आणला. त्याला पाच किलो इकडे की तिकडे, काही सोयरसुतक नाही. शेवटी विमानांच्या क्लबातून तीन सपाट काटे भाड्याने आले, एकेका चाकाखाली एकेक. टाकी रिकामी केली, मागचं चाक काट्यासकट लाकडी घोडीवर चढवून विमान सपाट केलं, शेडची दारं लावली, पंखा बंद. वारा लागला की काटा चुकतो म्हणे. आम्ही सगळे घामाघूम.

विमान उडवायची परवानगी देणारे तपासनीस आले होते. ते म्हणाले, "आधी काटे तपासू. काहीतरी ओळखीचं वजन हवं." बाबांनी मला उभं केलं! तिन्हींवर त्रेसष्ट. चारचौघांत माझी अब्रू गेली, पण काटे खरे ठरले.

मी लांबण लावतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

विमान ठरल्यापेक्षा शंभर किलोंनी जास्त भरलं. बाबा म्हणाले, "काटे खोटे आहेत. पोरीचंच वजन घटलं असेल." काट्यांची अदलाबदल करून पुन्हा घेतलं. तेवढंच. तपासनीसांनी आत टॉर्च मारून पाहिलं. प्रत्येक सांध्यावर पट्टी, त्या पट्टीवर आणखी एक.

"अहो, एवढं कशाला केलंत?"

"मुलगा बसणार आहे यात," बाबा म्हणाले.

ते काढायचं तर अख्खं विमान फोडावं लागेल, आणि पुन्हा बांधायला बाबांचे हात आता पूर्वीचे राहिले नाहीत.

"चालवणाऱ्याचं वजन किती?" तपासनीसांनी विचारलं. तू गेलास तेव्हाचं तुझं वजन बाबांनी फटकन सांगितलं. तपासनीसांनी इंधन धरून हिशोब केला आणि नकारार्थी मान हलवली. "चालवणारा पस्तीस किलोच्या वर नाही जमणार."

बाबांनी विमानातल्या आसनावरून हात फिरवला. मग म्हणाले, "शाळेत होता तेव्हा बसला असता."

जाताना दारात तू म्हणाला होतास, हे कधी उडणार नाही. तुझं बरोबर निघालं, आणि मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. विमान झालं की तो येईल, एवढ्यावरच बाबा जगत होते रे.

"थोडं काम राहिलंय, एवढंच लिही," असं त्यांनी बजावलंय. आत्ता शेडमध्ये पॉलिश पेपरने विमानाचा रंग खरवडतायत. रंगाचं वजन असून असून किती असणार? पण थांबवायचं कुणी?

आणि तुझं आताचं वजन विचारलंय. तेवढं तरी कळव. खरं नको सांगूस, कमी करून सांग.

तुझीच,
धाकटी