कुलपाच्या बादलीचा अहवाल

ती. स्व. मामांना,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो अक्षरशः साष्टांग समजावा. तुमच्यासमोर ताठ उभं राहून बोलावं अशी माझी परिस्थिती नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे, म्हणजे वजन, रक्तदाब, डोळे या बाबतीत बरा आहे. तीन आठवडे मी तुम्हाला फोन करतोय. दर वेळी मामी उचलतात आणि तुम्ही अंघोळीला गेला आहात असं सांगतात. सकाळी नऊला अंघोळ, दुपारी दीडला अंघोळ, संध्याकाळी सहाला पुन्हा अंघोळ. एका गुरुवारी तर तुम्ही चार वेळा न्हायलात. निदान बादल्या घरी तरी वापरात आल्या, असं मी मनाला समजावलं आणि शेवटी कागद घेऊन बसलो. पत्राला अंघोळीला जाता येत नाही.

तर त्या बादल्यांविषयीच. तुम्हाला यातलं निम्मं माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते मीच सांगितलेलं असल्यामुळे त्यातलं निम्मं खोटं आहे. आमचे मालक गेल्या वर्षी सासुरवाडीला राहायला गेले होते. तिथे त्यांनी गरम पाण्याची बादली न्हाणीघराबाहेर ठेवली, टॉवेल आणायला खोलीत गेले, आणि तेवढ्यात त्या पाण्याने कोणीतरी अंघोळ करून घेतली. दुसरा कुणी असता तर चिडून गप्प बसला असता. पण आमच्या मालकांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे. सोमवारी ते परत आले ते बादलीला झाकण आणि झाकणाला कुलूप अशी कल्पना घेऊनच. बुधवारी साच्याचं काम सुरू झालं. आणि गुरुवारी मला बोलावून सांगण्यात आलं, की या बादलीची फिजिबिलिटी स्टडी कर. म्हणजे एखादी वस्तू काढण्याआधी ती काढावी की काढू नये, हे बाजारात हिंडून बघायचं. (आधी साचा आणि मग अभ्यास, हा क्रम तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या आला नाही.) सहा वर्षं मी विक्री विभागात, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर, पत्रकांच्या घड्या घालत काढली होती. मला वाटलं, आज पहिल्यांदा आपल्याला कुणी मत विचारतंय. त्या आनंदात मी नवे बूट घेतले.

मामा, तो अभ्यास मी मनापासून केला, एवढं तरी माना. दोनशे बारा घरं आणि एकतीस दुकानं. तीन आठवड्यांत बुटांचे तळ गेले. घराघरांत मी विचारलं, तुम्ही कुलपाची बादली घ्याल का, आणि घराघरांत बायका माझ्याकडे आधी दयेने आणि मग दाराआडून बघायच्या. एका बाईंनी विचारलं, की हिच्यात ठेवायचं काय? मी म्हणालो, पाणी. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि प्यायला तेच आणून दिलं. दुकानदार क्रमांक सतरा तुम्ही होतात. तुम्ही स्टुलावरून उतरलाही नाहीत. म्हणालात, भरलेली बादली कोणी उचलून नेत नाही आणि रिकामीला कुलूप लावत नाहीत, मग हे घेणार कोण? ते मी नवव्या पानावर जसंच्या तसं लिहिलं होतं.

शिवाय नमुन्याच्या दहा बादल्या आम्ही दहा घरांत महिनाभर वापरायला दिल्या. एका घरातल्या आजोबांनी बादलीत औषधं ठेवली आणि किल्ली जपून ठेवली, इतकी जपून की ती अजून सापडलेली नाही. मुलाने हातोड्याने बादली फोडली तेव्हा कुलूप शाबूत होतं. दुसऱ्या घरी सासूबाई कडक पाणी तापवून, बादली बंद करून, किल्ली कमरेला लावून लेकीकडे गेल्या. सून ऑफिसला तशीच गेली आणि संध्याकाळी घरात जे झालं ते मी अहवालात 'कौटुंबिक प्रतिक्रिया' या सदरात घातलं. तिसऱ्या घरी बादली अंगणात ठेवली होती, व्यवस्थित कुलूप लावून. चोराने कुलपाला हातसुद्धा लावला नाही. कडीला धरून अख्खी बादलीच घेऊन गेला. (बादलीला कडी असते, हे कारखान्यात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दिवसाला नऊशे कड्या बसवतो.)

एवढं सगळं मी शेहेचाळीस पानांत लिहिलं आणि खाली शेवटची ओळ लिहिली: ही वस्तू काढू नये. मालकांनी ती ओळ वाचली. म्हणजे तेवढीच वाचली. मग मान हलवून म्हणाले, अहवाल उत्तम झालाय, उत्तर तेवढं चुकलंय. आणि उत्तर दुरुस्त करायला तो आमच्या विक्रीप्रमुखांकडे पाठवला.

या विक्रीप्रमुखांना आम्ही टक्केसाहेब म्हणतो, कारण ते जेवायला किती वेळ आहे हेही टक्क्यांत सांगतात. त्यांनी मला शेजारी बसवलं, आपल्या डब्यातलं अर्धं दिलं (पन्नास टक्के) आणि फार प्रेमाने समजावलं, की बाबा रे, चूक लोकांची नाही, तुझ्या प्रश्नाची आहे. घ्याल का, असं विचारलं की माणूस घाबरतो. तू दोन प्रश्न विचार. घरात बादली आहे का? घरात कुलूप आहे का? मी परत दोनशे बारा घरं फिरलो. सगळीकडे बादली होती, सगळीकडे कुलूप होतं. शंभर टक्के. बाजार पूर्ण तयार आहे, फक्त या दोन वस्तू अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत, असं पहिल्या पानावर छापलं गेलं. फुटलेल्या बादलीचं 'कुलपाची असामान्य मजबुती' झालं. चोरीला गेलेलीचं झालं 'ज्यांच्यापर्यंत माल पोचवलेला नाही अशा वर्गातही स्वयंस्फूर्त मागणी'. आणि तुमचं, मामा, असं झालं: 'अनुभवी दुकानदारांनी भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत या बादलीचा गांभीर्याने विचार केला आहे.'

त्याच्यावर मी सही केली. का केली, याची चांगली चांगली कारणं माझ्याकडे आहेत. मुलीची शाळा आहे, आईची औषधं आहेत, वय एकेचाळीस आहे. ही कारणं मी बायकोला सांगितली आणि तिला ती पटली. तुम्हाला खरं सांगतो. टक्केसाहेब म्हणाले, पहिल्या पानावर तुझं नाव येईल. आणि मला ते आवडलं. बस, एवढंच. जाड अक्षरात नाव आलं. मी एक प्रत घरी आणून कपाटावर ठेवली, पाहुण्याला सहज दिसेल अशी.

पुढे बादली बाजारात आली आणि एकाही दुकानदाराने घेतली नाही. म्हणून मला अहवाल बगलेत देऊन दुकानं फिरायला पाठवलं. तुमच्याकडे आलो ती दुपार तुम्हाला आठवत असेल, मला तर तुमच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरासुद्धा आठवतो. तुम्ही पहिलं पान वाचलंत, उलटं करून मागे काही आहे का बघितलंत आणि मला विचारलंत,

"हे तू म्हणतोयस, की कागद म्हणतोय?"

"कागद मीच लिहिलाय, मामा."

"मग दोनशे पाठव."

तुम्ही घासाघीस केली नाहीत. आयुष्यभर ज्या माणसाने चमच्यांच्या डझनावरही घासाघीस केली, तो माणूस दोनशे बादल्यांना नुसतं हो म्हणाला. दाराजवळचं काचेच्या बरण्यांचं फडताळ तुम्ही तिथल्या तिथे रिकामं करायला घेतलंत. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणालात, राहू दे, तुझे ऑफिसचे कपडे आहेत.

आता जे लिहितो ते तुम्हाला माहीत नाही. तीन महिन्यांनी माल पडून राहिला तेव्हा मालकांनी मार्केट ऑडिट काढलं. म्हणजे कुठल्या दुकानात काय, कसं, कुठे मांडलंय, गिऱ्हाईक काय मागतं आणि काय नेतं, हे गुपचूप उभं राहून टिपायचं. ते करायला कोण? ज्याला विषयाची माहिती आहे तो. मी तुमच्या रस्त्यावरही आलो होतो. समोरच्या शिंप्याच्या पायरीवर दीड तास उभा होतो. (त्याला वाटलं मी मापं द्यायला लाजतोय.) निळ्या बादल्या तुमच्या दारापासून पदपथापर्यंत आल्या होत्या. एक बाई आल्या, त्यांनी हाताने बरणीचा आकार करून दाखवला. तुम्ही आत बोट दाखवलंत, मग बादल्यांच्या भिंतीकडे बघितलंत, मग बोट खाली घेतलंत. त्या शेजारच्या दुकानात गेल्या. दीड तासात अशी चार गिऱ्हाइकं गेली. नंतर तुम्ही एक बादली उचलून फडक्याने पुसलीत, कुलूप लावून बघितलंत, उघडून बघितलंत आणि परत होती तिथे ठेवलीत. मी ते सगळं 'ग्राहकांची वर्दळ' या रकान्यात लिहिलं. रस्ता बारा पावलांचा होता. मी तो ओलांडला नाही.

ऑडिट मात्र खरं लिहिलं. शब्द न शब्द खरा. बैठकीत मालकांनी माझे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. एक म्हणतो शंभर टक्के खपेल, दुसरा म्हणतो कधीच खपणार नव्हती, आणि दोन्हींखाली सही एकाच माणसाची. टक्केसाहेब वहीत चौकोन काढत बसले होते. मालक फार शांतपणे म्हणाले, की आमची चूक एकच, आम्ही अभ्यासावर विसंबून निर्णय घेतला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सवयीने मीही डोलावली. टक्केसाहेब आता नव्या वस्तूंच्या विभागाचे प्रमुख आहेत. मी गोदामात आहे. साडेचार हजार बादल्यांच्या नऊ हजार किल्ल्या एका पोत्यात एकत्र झाल्या आहेत. कुठली किल्ली कुठल्या बादलीची ते मी शोधतो. रोज सरासरी अकरा जुळतात. या कारखान्यात मी केलेल्या कामांपैकी हे एकच असं आहे, की उत्तर चुकलं तर कुलूप उघडत नाही.

माफी मागत नाही. तुम्ही ती दिलीत तर मला कुठे ठेवू कळणार नाही, आणि नाही दिलीत तर मामी पुन्हा तुम्हाला अंघोळीला पाठवतील. मामींना नमस्कार. थंडी आहे, गुडघ्याला फडकं बांधून बसत जा.

तुमचा आज्ञाधारक (या शब्दाचा अर्थ मला यंदा नीट कळला)
भाचा

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. महिनाअखेरपर्यंत कंपनी पडून राहिलेला माल परत घेणार आहे, पण सगळ्यांचा नाही. 'कंपनीचा दोष नसून तिच्या प्रतिनिधीने स्वतःच्या जबाबदारीवर माझी दिशाभूल केली' असं जो दुकानदार लिहून देईल, त्याचाच. प्रतिनिधीचं नाव मी सुवाच्य अक्षरात घातलं आहे. तारीख, वेळ, बादल्यांची संख्या, सगळं भरलंय. यात खोटं एक अक्षर नाही, तेव्हा सही करताना हात अडू देऊ नका.

ता. क. दुसरा. माझ्या नोकरीची काळजी करू नका. अशा अकरा तक्रारी आल्या की मला काढतील. दहा आलेल्या आहेत. त्या दहांनी एवढा विचार केला नाही.

ता. क. तिसरा. फॉर्मच्या तळाशी 'प्रतिनिधीशी नाते' असा रकाना आहे. नातं असलं तर माल परत घेत नाहीत, संगनमत धरतात. तिथे 'काही नाही' असं लिहायचं आहे. मी लिहून टाकणार होतो, पण तेवढी जागा दुकानदाराच्याच हस्ताक्षरात लागते, असं कारकून म्हणाला. दोनच शब्द आहेत. मामी घरात नसताना लिहा.