डाव्या हातावरची पानं

करंदेणिय,
रविवार, ९ जून १९९६

अक्का,

त्रिरत्नांची छाया तुम्हा सगळ्यांवर असो. इकडे आम्ही बरे आहोत. पाऊस वेळेवर आला, दालचिनीची साल फांदीवरून छान सुटते आहे, फणस लगडला आहे. अम्माला आता कमी ऐकू येतं, पण कोणी तिच्याबद्दल कुजबुजलं तर तेवढं बरोबर ऐकू येतं.

मायना आधी ‘वैद्यीणबाई’ असा लिहिला होता. तो कागद फाडून टाकला. तुमच्या गावात तुला सगळे तसंच म्हणत असतील, मला लिहवेना. म्हणून अक्का. ह्यावरून मी मऊ पडले असं समजू नकोस. हे पत्र माझ्या अंगठ्याबद्दल आहे, दुसऱ्या कशाबद्दल नाही.

एप्रिलातला नव्या वर्षाचा सण उरकून कामाला बसलो त्याच आठवड्यात लागलं. साल सैल व्हावी म्हणून पितळी दांडीने फांदी घासत होते, दांडी निसटली आणि उजवा अंगठा मागे वळला. एवढंच. थात्ता असते तर हसले असते, धाकट्या लेकीला हाक मारायचे तसं म्हणाले असते, “पोडी, दांडी आहे ती, वरवंटा नाही.” मी तेल चोळलं आणि पुन्हा बसले. सूज उतरली, पण अंगठ्याच्या मुळाशी कळ बसली ती बसलीच. सुरीच्या टोकाने साल उचलताना सगळा भार कुठे येतो हे तुला सांगायला नको, लग्नाआधी माझ्या शेजारी बसून तूही सोललंयस. माझ्या हातून साल फाटायला लागली. फाटकी साल दालचिनीच्या नळीच्या पोटात भरायची, वरून दिसेल अशी लावायची नाही. आणि मी दिवसभर पोटात भरायचे तुकडे पाडत बसायचे, अक्का. ज्या यसवतीच्या नळ्या मालक पाहुण्यांना उचलून दाखवायचा, ती मी.

मग सल्ले सुरू झाले. शेजारची पियसीली म्हणाली, विहारातल्या भन्तेंकडून सूत मंतरून आण. अम्मा म्हणाली, दृष्ट आहे. आमचे हे म्हणाले, कोलंबोला चल, तिथे नुसत्या हातांचे डॉक्टर असतात.

“अंगठ्यासाठी कोलंबो?” मी म्हटलं. “उद्या डोकं फुटलं तर काय लंडनला नेणार?”

शेवटी मी एकटीच गाल्ल शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण लहानशी पोर होती, पण हात नीट बघितला. फोटो काढला. “हाड शाबूत आहे, मावशी. आतला बंध ताणलाय. हाताला विश्रांती द्या.”

“ऐन पावसात? दालचिनी सोलायची सोडून?”

“माझी आईसुद्धा हेच विचारते,” ती म्हणाली आणि पट्टी बांधून दिली.

पट्टी पाळली. म्हणजे बहुतेक वेळ पाळली. पुन्हा गेले तेव्हा तिने चांगलं झापलं, अंगठ्याला फळी बांधली, हात झोळीत घालून गळ्यात अडकवला आणि बजावलं की मी सांगेपर्यंत हा हात बाहेर दिसता कामा नये. ती पोर खरी आहे. तिच्याबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. पण फळीनंतर बोट आखडलं तर? हे मी तिला विचारलं नाही. घरी येऊन ह्यांना विचारलं.

हे जेवत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, “मग नदीपलीकडे जा. आखडलेली बोटं मोकळी करणारा हात ह्या भागात एकच आहे.”

अक्का, तुझ्या लग्नानंतर आमच्या घरात नदीपलीकडचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि काढलं ते कोणी? ज्याला सोडून तू गेलीस त्याने. मामाचा गुणपाल तुझ्यासाठी ठरलेला. तू हाडवैद्याच्या मुलाचा हात धरलास आणि थात्तांनी मामाला दिलेला शब्द राखायला मला उभी केली. गावाला अजून वाटतं की मी त्याचा डूख धरून आहे.

“तुम्हाला राग नाही येत?” मी विचारलं.

“कशाचा? ती गेली म्हणून तू आलीस,” हे म्हणाले. मग आमटी ओढून घेत, “तेव्हापासून शिव्या खातोय, पण पोटभर जेवतोही आहे.”

तर ऐक. तुझ्या वाट्याचा नवरा मला मिळाला आणि तो चांगला निघाला. तुला ह्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही आणि मला वाटून घ्यायचं त्याहून नाही.

गेल्या मंगळवारी मी तुमच्या ओसरीवर येऊन गेले. हे तुला माहीत आहे. गावाने काय सांगितलं तेही मला माहीत आहे. पियसीलीच्या जावेने बाजारात ऐकलं ते असं, की यसवती भरल्या ओसरीत वेदमहत्तयांच्या, म्हणजे भाऊजींच्या, तोंडासमोर डाव्या हाताने पानं नाचवून गेली, बहिणीवरचा जुना सूड उगवून गेली.

आता माझ्याकडून ऐक. विड्याच्या पानांची जुडी मी सकाळी लावली, विहिरीजवळच्या वेलीची, तू लावलेल्या. वैद्याकडे पानांशिवाय जाऊ नये आणि ती दोन्ही हातांनी द्यावी, एवढं मलाही शिकवलं आहे. रांगेत बसले. कोणी ओळखलं नाही असं वाटलं होतं, सगळ्यांनी ओळखलं होतं. माझी पाळी आली तेव्हा उजवा हात झोळीत होता. डॉक्टरणीने बाहेर काढू नको म्हटलं होतं, मी काढला नाही. जुडी डाव्या हातात होती, ती तशीच पुढे केली. खरं सांगते, हात पुढे गेल्यावर लक्षात आलं. भिकाऱ्याला द्यावं तसं मी वैद्याला दिलं.

भाऊजी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खाली ठेव ती. तिथे, दिव्याशी.”

त्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे. कदाचित माझी सुटकाच करत होते. पण मी थात्तांची मुलगी. मी म्हटलं, “खाली ठेवायला आणली नव्हती,” आणि जुडी घेऊन उठले. बसमध्ये ती मांडीवर होती, घरी येईपर्यंत कडेची पानं मलूल झाली. झोळी दाखवून समजावत बसायला हवं होतं, असं हे म्हणतात. ज्याचं पोट हाडं जुळवण्यावर चालतं त्याला गळ्यात अडकवलेला हात दिसू नये? मी नाही समजावणार. गावाला तर मुळीच नाही.

तुला मात्र समजावते आहे, कारण तू दारात होतीस.

आतल्या दारात, पदराला हात पुसत. तू मला बघितलंस, पानं बघितलीस, डावा हात बघितलास आणि आत वळलीस. ओसरीतले सगळे परके होते, त्यांना काय वाटायचं ते वाटो. पण तुला वाटलं, अक्का? लहानपणी जुडीखाली तुझाच हात घेऊन मी अम्माला पानं द्यायला शिकले. मी मुद्दाम तसं करीन असं तुला वाटलं? हे डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं येतं आहे, वाच तसंच.

अंगठ्याबद्दलचं पत्र म्हटलं होतं. नाहीतरी तू पहिल्यापासून ओळखलं असशील. कोलंबोला नाही म्हटलं, मंतरलेल्या सुताला नाही म्हटलं, ते काही मोठ्या अकलेने नाही. दर नव्या वर्षाला मी पानांची एक जुडी जास्त लावते. अम्माला वाटतं विहारासाठी. धाकट्या बहिणीने मोठीच्या पाया पडून द्यायची ती जुडी संध्याकाळपर्यंत पाण्याच्या घड्यावर पडून असते आणि मग मीच पानं खाऊन टाकते. कोणाला सांगितलंस तर बघ.

थात्ता गेले तेव्हा तू पांढरी साडी नेसून फाटकाशी उभी होतीस. मी तुझ्यासाठी खुर्ची उचलून आणली तोवर तू बस धरली होतीस. मागच्या मंगळवारी आत वळलीस. दोन्ही वेळा तू थांबली नाहीस, मी आलेच होते.

येत्या मंगळवारी मी पुन्हा येणार आहे. लोक जमतील, जमू देत, पियसीलीच्या जावेलाही निरोप धाडते. त्याच वेलीची पानं आणीन, त्याच ओसरीत बसेन. मी माफी मागायला येत नाही, कारण मी अपमान केला नाही. थात्तांच्या वतीनेही मागणार नाही, त्यांचं ते बघतील. अंगठा बरा करून घ्यायला येते आहे आणि नळीवर वरची साल पुन्हा मीच लावणार आहे.

मात्र दोन्ही हातांनी पानं द्यायची तर मला उजवा हात नाही. त्याची सोय तू करायची. माझी पाळी आली की आतल्या दारातून बाहेर ये, सगळ्यांसमोर, आणि माझ्या उजव्या बाजूला उभी राहा. मी डावा हात पुढे करीन. जुडीखाली तुझा हात लाव, लहानपणी लावायचीस तसा.

आली नाहीस तर मी जुडी घेऊन परत जाईन आणि वाकड्या अंगठ्याने तुकडे पाडीन, मला काही कमी पडणार नाही. पण ह्या वेळी तरी आत वळू नकोस.

डावा हात पुढे करून बसलेली,
तुझी पोडी