ड्रॅगनचं लॉज आणि पेन्री

लडलो, ३ फेब्रुवारी १९९६

चि. मॉरिस यास,
अ. उ. आ.

गुडघा सोडला तर इकडे सर्व ठीक. एक विचारायचंय, पण हसायचं नाही. ज्या ड्रॅगनच्या पुस्तकांवरून मी तुला जन्मभर चिडवलं, ती वाचण्यासारखी आहेत का रे? वाचनालयात शनिवारी पेन्री नावाचे एक गृहस्थ येतात. विधुर आहेत, घड्याळं दुरुस्त करतात. माझ्यासाठी दार धरून उभे राहतात. त्यांनी मला पहिला भाग दिलाय, तोही असा, जणू स्वतः भाजलेला केक पुढे केलाय. म्हातारा ड्रॅगन समुद्रकाठी लॉज चालवतो आणि बटाटे तळायच्या कढईला घाबरतो. निम्मं वाचलं, मला एकदाही हसू आलं नाही. पुढच्या शनिवारी ते विचारणार. काय सांगू?

माया आहेच, अडचणीत जरा जास्त.
तुझी ताई,
हेस्टर

लीड्स, ६ फेब्रुवारी

ती. हेस्टरताईस,
शि. सा. न.

हसू नको म्हणालीस म्हणून स्वयंपाकघरात जाऊन हसलो. अगं, पहिला भाग कुणी वाचतं का? तेव्हा लेखकाचा हात बसला नव्हता. चौथ्यापासून घे. त्यात तो ड्रॅगन रुसलेल्या राजाला भांडी घासायला बसवतो. पण खोटं मात्र बोलू नकोस. छान आहे म्हणालीस तर उरलेले पंचवीस भाग दारात येतील. विल्यमभाऊजी असेपर्यंत त्यांच्या क्रिकेटच्या गोष्टींना तू माना डोलावल्यास, तेवढं पुरे झालं.

काय झालं ते कळव, नाहीतर मी गाडी पकडून येईन.
तुझा,
मॉरिस

लडलो, १९ फेब्रुवारी

चि. मॉरिस यास,
अ. उ. आ.

तुझं ऐकून खरं बोलले. त्यांनी टोपी उचलली, बरं म्हणाले आणि गेले. पुढच्या शनिवारी आलेच नाहीत. तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते लिहीत नाही.

शेवटी पुस्तक परत करायला त्यांच्या दुकानात गेले. तेव्हा कळलं. चहा झाला की त्यांची बायको ग्वेन त्यांना ही पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. सहावा भाग संपला आणि ती गेली. पुढचे सगळे भाग त्यांनी विकत आणले, पण एकट्याने वाचताना हसूच येईना. पुस्तकं बिघडली की आपण, हे त्यांना कुणाकडून तरी जाणून घ्यायचं होतं. मलाही हसू आलं नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, ग्वेनचंच हसू होतं ते, पुस्तकात काही नव्हतंच.

मी चष्मा लावला, सातवा भाग उघडला आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागले. ड्रॅगनला शिंक येते आणि पाहुण्यांच्या चादरी पेटतात, तिथे ते इतके हसले की स्टुलावर बसावं लागलं. त्यांना पाहून मीही हसले. मग त्यांनी डोळे पुसले आणि किटली ठेवली.

तुझा राग गेला, एवढं समज.
हेस्टर

लडलो, २८ एप्रिल

चि. मॉरिस यास,
अ. उ. आ.

पुस्तकांबद्दल आता माझं मत काय, असं विचारलंस. मनातल्या मनात वाचायला मी आजही ती हातात घेणार नाही. पण रोज संध्याकाळी दुकानात वाचते. आम्ही अकराव्यावर आहोत आणि अकरावा फार रटाळ आहे. म्हणून मधेमधे पदरची वाक्यं घालते. पेन्री नेमके त्यांनाच जास्त हसतात. काल त्यांनी हात पुढे करून पुस्तक मागितलं, ते पान नीट पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, थांबलात कशाला.

जूनमध्ये ये. चर्चमध्ये शोभेल असा चांगला कोट घेऊन ये.
तुझी,
हेस्टर