सर्वे नंबर टाका

बाबा, तुम्ही माझ्या हातातून भूसंपादनाची नोटीस हिसकावून घेतलीत तो दिवस मी विसरलेले नाही. आई भाकऱ्या थापत होती, मी दहावीत होते आणि मोठ्याने वाचत होते: आपल्या शेताचा सर्वे नंबर, हरकत घ्यायला तीस दिवस. तुम्ही म्हणालात, "जमिनीच्या कागदात पोरीनं बोलायचं नाय. तुजा काका हाय, त्यो बगंल." काकाने बघितलं नाही. मुदत गेली, शेत गेलं, आणि त्यावर तुम्ही मरेपर्यंत एक शब्द काढला नाहीत.

यंदा नव्या रस्त्यासाठी गावात पुन्हा नोटिसा निघाल्या. यादी चावडीच्या फळ्यावर, अक्षरं मुंगीएवढी. काका आता जमिनीची दलाली करतो. लोकांनी यादी न वाचलेलीच त्याला बरी. मी यादीचे फोटो काढून आणले आणि पनवेलच्या माझ्या खोलीत बसून एक वेब ॲप्लिकेशन लिहिलं. आपला सर्वे नंबर टाकला की नोटीस आणि हरकतीची शेवटची तारीख समोर येते. स्वतंत्र सर्व्हर परवडणारा नव्हता, म्हणून शेअर्ड होस्टिंग घेतलं. एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं. फाइली चढवल्या, तर नुसतं पांढरं पान. मदतीच्या फोनवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, असलं ॲप इथे चालत नाही, मोठा प्लॅन घ्या." मुदतीला चार दिवस उरलेत. मी फोन ठेवते आणि एरर लॉग, म्हणजे सर्व्हरने नोंदलेल्या चुका, ओळ न् ओळ वाचते. चूक इवलीशी निघाली: तिथे डेटाबेसच्या नावाआधी आपल्या खात्याचं नाव जोडावं लागतं, ते राहिलं होतं. जोडलं, आणि पान उघडलं. लगेच त्याची लिंक गावातल्या लोकांना धाडली.

दुसऱ्या दिवशी काका पनवेलला माझ्या दारात. "ते सगलं खाली उतरव. आपल्या घरातली पोर असली कामं करत नाय."

"नाय उतरवणार," मी म्हटलं. "तुमचा पण सर्वे नंबर हाय त्यात. बगून घ्या."

गावाकडच्या शेजारच्या आत्याने मोबाईलवर तारीख बघितली आणि शेवटच्या दिवशी हरकत दाखल केली. तिच्यामागून आणखी अकरा घरांनी केली. निकाल काय लागेल ठाऊक नाही, पण शिक्का मारलेली पोचपावती त्यांच्या हातात आहे.

तुम्ही चुकलात, बाबा. हे तुमच्या फोटोसमोर मोठ्याने म्हणायचं ठरवून मी गावी गेले, हार बदलला आणि न बोलताच परत आले. म्हणून लिहिते आहे. तुमचा पत्ता असता तरी हे धाडलं नसतं. वाचताना तुमची मान खाली गेली असती, आणि ते मला अजून बघवत नाही.